ऑर्का गप्प का बसतो आणि मराठी आवाज कुठला घ्यावा

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलेली परिस्थिती अशी. तुम्ही पाटण तालुक्यातले. धाकट्या बहिणीची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. ती कराडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एमपीएससीची तयारी करायची म्हणते. घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर तुम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं आणि मजकूर बोलून दाखवणारं ईस्पीक बसवलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांड दिली की आवाज येतो, पण ऑर्का हा पडदा वाचून सांगणारा प्रोग्रॅम सुरू केला की लॅपटॉप गप्प. जो आवाज येतो तोही बहिणीला ऐकवत नाही. गावात रेंजचा भरवसा नाही. म्हणून तुम्ही विचारलंत, लिनक्सवर मराठी बोलणारं सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

मी सांगलीत संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि बरीच वर्षं दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लिनक्सचे लॅपटॉप लावून देतो. जतपासून वाईपर्यंतची मुलं येतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. एक, बहिणीने लॅपटॉप स्वतः वापरणं: मेनू उघडणं, फाइल शोधणं, टाइप करणं, चूक झाली तर लगेच कळणं. दुसरं, इतिहासाचं शंभर पानांचं पुस्तक तासन्‌तास ऐकणं. पहिल्या कामाला आवाज तत्पर लागतो, बटण दाबताक्षणी बोलणारा. दुसऱ्या कामाला आवाज सुखाचा लागतो, थोडा उशिरा आला तरी चालतो. एकाच आवाजाकडून दोन्ही मागितलं की लोक निराश होऊन लॅपटॉप कपाटात ठेवतात. त्यामुळे तुम्हाला दोन उत्तरं देतो. आधी ऑर्काला बोलतं करू, कारण त्यावाचून बहीण तुमच्यावरच अवलंबून राहील.

लिनक्सवर बोलणं चार थरांतून येतं. सगळ्यात खाली ध्वनी, म्हणजे स्पीकर आणि तो चालवणारी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ ही यंत्रणा. त्यावर बोलणारं इंजिन, तुमच्याकडे ईस्पीक-एनजी. त्यावर स्पीच डिस्पॅचर नावाचा मध्यस्थ, जो कोणत्याही प्रोग्रॅमचं बोलणं घेऊन इंजिनाकडे पोहोचवतो. आणि सगळ्यात वर ऑर्का, म्हणजे पडद्यावर काय आहे ते ओळखून सांगणारा स्क्रीन रीडर. ऑर्का स्वतः आवाज काढत नाही. तो मजकूर डिस्पॅचरकडे देतो आणि मोकळा होतो. द्राक्षबागेत शेवटच्या ड्रिपरला पाणी येत नसेल तर आपण मोटरपासून तपासत जातो, तसंच इथे खालून वर जायचं. टर्मिनलमधून ईस्पीक बोलतं याचा अर्थ खालचे दोन थर ठीक आहेत. बिघाड जवळजवळ नक्की तिसऱ्या थरात आहे. ऑर्का काढून पुन्हा टाकण्यात बरेच जण वेळ घालवतात, त्याने सहसा काही साधत नाही.

कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, म्हणजे तुमची बहीण हे फोनवर ऐकेल तेव्हा तिलाही अक्षर न्‌ अक्षर कळेल. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा.

प्रथम ईस्पीक मराठीत बोलतं का ते पाहा. ईस्पीक हायफन एनजी, जागा, हायफन व्ही, जागा, एम आर, जागा, आणि मग दुहेरी अवतरणात एखादं मराठी वाक्य. एम आर हा मराठीचा कोड. तो दिला नाही तर इंजिन मराठीचे नियम लावत नाही, आणि बहिणीला जो आवाज ऐकवला तो तसाच असण्याची बरीच शक्यता आहे. कोड देऊन पुन्हा ऐकवा, फरक लगेच कळेल.

मग डिस्पॅचर. एसपीडी हायफन से, जागा, हायफन आणि कॅपिटल ओ. एवढं दिलं की डिस्पॅचरला कोणती इंजिनं दिसतात त्याची यादी येते. यादीत ईस्पीक-एनजी नसेल तर दुखणं सापडलं. इंजिन बसवणं वेगळं आणि डिस्पॅचरला त्या इंजिनाशी जोडणारा भाग बसवणं वेगळं. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये त्या जोडणीच्या पॅकेजचं नाव स्पीच हायफन डिस्पॅचर हायफन ईस्पीक हायफन एनजी. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये किंवा टर्मिनलमधून एपीटी कमांडने ते टाका. कधी कधी मराठी वाक्याऐवजी एक आधीच रेकॉर्ड केलेला इंग्रजी संदेश ऐकू येतो, डिस्पॅचर चालू आहे पण काहीतरी बिघडलं आहे अशा आशयाचा. तो ऐकून घाबरू नका. ध्वनी पोहोचतो आहे आणि इंजिन सापडत नाही, हेच तो सांगतो.

यादीत नाव असूनही शांतता असेल तर माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपवर दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं, कोणीतरी मधे सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड, लावून ऑर्का किंवा डिस्पॅचर चालवलेला असतो. ही दोन्ही वापरकर्त्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये चालायची गोष्ट आहे. मूळ प्रशासकाच्या नावाने चालवली तर वापरकर्त्याच्या ध्वनियंत्रणेशी त्यांची गाठ पडत नाही. दुसरं, जुनी सेटिंग. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग नावाचा लपवलेला फोल्डर असतो आणि त्यात स्पीच-डिस्पॅचर नावाचा फोल्डर. पूर्वी काही प्रयोग करताना तिथे फाइल तयार झाली असेल तर सिस्टीमच्या सेटिंगऐवजी तीच वाचली जाते. तो फोल्डर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. नंतर किल-ऑल कमांडने स्पीच-डिस्पॅचर बंद करा. पुढच्या वेळी कोणी बोलायला सांगितलं की तो आपणहून सुरू होतो. आता एसपीडी हायफन से, हायफन ओ ईस्पीक-एनजी, हायफन एल एम आर, आणि वाक्य. इथला ओ लहान. हे वाक्य ऐकू आलं की तिसरा थर दुरुस्त झाला.

मराठी कायमची ठेवायची असेल तर ईटीसी फोल्डरमधल्या स्पीच-डिस्पॅचर फोल्डरात स्पीचडी डॉट कॉन्फ ही फाइल आहे. तिथे डिफॉल्टमॉड्यूल आणि डिफॉल्टलँग्वेज या दोन ओळी शोधा. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढलं की ती ओळ लागू होते. एका ओळीत ईस्पीक-एनजी, दुसऱ्या ओळीत एम आर. बाकी काही बदलू नका.

आता ऑर्का. मिंटच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या विभागात स्क्रीन रीडर चालू करता येतो. विंडोजची की, ऑल्ट आणि एस एकदम दाबूनही तो चालू-बंद होतो. ही की बहिणीच्या बोटांना पहिल्याच दिवशी शिकवा, कारण कधी ना कधी तो बंद पडेल आणि घरात कोणी नसेल. ऑर्का अडकला आहे असं वाटलं तर टर्मिनलमध्ये ऑर्का, जागा, दोन हायफन आणि रिप्लेस, असं दिलं की जुना जाऊन नवा सुरू होतो. ऑर्काच्या पसंतीच्या खिडकीत आवाजाच्या पानावर यंत्रणा स्पीच डिस्पॅचर, इंजिन ईस्पीक-एनजी आणि भाषा मराठी निवडा. लॅपटॉपचा कीबोर्ड असल्याने लॅपटॉप मांडणी घ्या, म्हणजे इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक ही ऑर्काची की होते. कॅप्स लॉक आणि स्पेस दाबलं की पसंतीची खिडकी उघडते. कॅप्स लॉक आणि एच दाबलं की शिकण्याची अवस्था सुरू होते. त्यात कुठलीही की दाबा, ती काय करते ते ऑर्का सांगतो, काही बिघडत नाही, एस्केपने बाहेर येता येतं. तुमच्या बहिणीने पहिले काही दिवस रोज थोडा वेळ याच अवस्थेत घालवावा असं मी आग्रहाने सांगेन. नजर गेल्यावर माणसाला यंत्राची भीती बसते, आणि न बिघडवता चाचपडायला मिळालं की ती भीती उतरते. हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मेनू इंग्रजीत आणि पुस्तक मराठीत, मग भाषा कोणती ठेवायची, असा प्रश्न पुढे येईलच. मराठी ठेवा. ईस्पीकचा मराठी आवाज रोमन लिपीतला शब्द आला की तो इंग्रजीच्या नियमांनी वाचतो आणि पुढे पुन्हा मराठीवर येतो. उलट बाजूने, म्हणजे इंग्रजी आवाज ठेवून मराठी वाचायला लावलं, तर समाधान होत नाही.

आता आवाज ऐकवत नाही या तक्रारीकडे येतो. ती खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. ईस्पीक माणसाचं रेकॉर्डिंग जोडून बोलत नाही. तोंडाच्या पोकळीत ध्वनी ज्या कंपनांनी घडतो ती कंपनं गणिताने तयार करून बोलतं. जोनाथन डडिंग्टन यांनी ते लिहिलं, आणि २०१५ च्या अखेरीस त्यातून ईस्पीक-एनजी ही शाखा निघाली. या पद्धतीमुळे ते अगदी लहान आहे, शंभराहून जास्त भाषा बोलतं, इंटरनेट मागत नाही आणि जुन्या लॅपटॉपवरही की दाबताक्षणी उच्चार करतं. वेग खूप वाढवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. मूळ वेग मिनिटाला १७५ शब्दांचा आहे. सरावलेली मुलं तो इतका वाढवतात की शेजारी बसलेल्याला काही कळत नाही, आणि त्यांना प्रत्येक शब्द कळत असतो. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरलेल्या मुलांना हा आवाज ओळखीचा असतो, कारण त्यातही ईस्पीक-एनजी येतं.

उणिवाही आहेत. चाक आणि चार यांतला च वेगळा, जागा आणि जग यांतला ज वेगळा, पण लिपीत तो फरक दिसत नाही, त्यामुळे कुठल्याही इंजिनाला नियमाने अंदाज बांधावा लागतो आणि ईस्पीकचा अंदाज काही वेळा चुकतो. चढउतार सपाट आहेत. तरीही लॅपटॉप चालवण्यासाठी मी हाच आवाज देतो. बहिणीला सुरुवातीला वेग कमी ठेवा, स्वर थोडा खाली आणा, आणि आवाजाचे प्रकार बदलून पाहा. ऑर्काच्या यादीत ते व्यक्ती म्हणून दिसतात. टर्मिनलमध्ये एम आर नंतर अधिक चिन्ह आणि एफ २ लिहिलं की बाईचा प्रकार ऐकू येतो. कोणता आवडेल ते तिनेच ठरवावं. किती दिवसांत कान बसेल ते माणसावर आहे. ज्यांची नजर अलीकडे गेली त्यांना जास्त वेळ लागतो, कारण दुःखही ताजं असतं. घाई करू नका.

दुसरं काम, पुस्तक ऐकणं. इथे रेकॉर्ड केलेल्या माणसांच्या आवाजावरून शिकलेली मॉडेल उपयोगी पडतात. मेटाने २०२३ मध्ये हजारावर भाषांसाठी एमएमएस ही मॉडेल खुली केली, त्यांत मराठी आहे, पण परवाना व्यापारी वापराला मनाई करतो. घरच्या अभ्यासाला अडचण नाही. आयआयटी मद्रासमधल्या एआय-फॉर-भारत गटाने भारतीय भाषांसाठी आवाज तयार केले आहेत आणि तेही मराठी बोलतात. त्यांचं इंडिक पार्लर हे मॉडेल जड आहे, तुमच्या ४ जीबीच्या लॅपटॉपला झेपणार नाही. एमएमएसचं मराठी मॉडेल त्या मानाने हलकं आहे, ग्राफिक कार्डाशिवायही चालतं, फक्त वेळ घेतं. एकदा उतरवून घेतलं की रेंज नसली तरी काम करतं. ते कराडला चांगल्या नेटवर उतरवा आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून चालवा. मजकूर परिच्छेदांत तोडून द्या, रात्री लावून ठेवा, सकाळी ध्वनिफाइल मेमरी कार्डवर टाकून बहिणीच्या फोनमध्ये द्या. पायथॉन तुम्हाला जमत नसेल तर सुरुवातीला ईस्पीककडूनच फाइल करून घ्या. आधीसारखंच हायफन व्ही एम आर, मग हायफन एफ नंतर मजकुराची फाइल, हायफन डब्ल्यू नंतर ध्वनिफाइलचं नाव, हायफन एस नंतर वेग. सुरुवातीला १४० ठेवा.

एक धोका आधीच सांगतो. अशा मॉडेलच्या अक्षरसंचात आकडे नसतील तर ते मुकाट्याने गळतात. वाक्य ऐकायला सुरेख, पण साल गायब. इतिहासाच्या अभ्यासात हे घातक आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारवरच्या परिच्छेदातून १९४२ आणि १९४६ निघून गेलं तर विद्यार्थी काय लक्षात ठेवणार? म्हणून आकड्यांनी भरलेला एक परिच्छेद आधी चालवून बघा, आणि गळती दिसली तर साल अक्षरांत लिहून घ्या. ईस्पीकला ही अडचण नाही, ते आकडे मराठीतच वाचतं.

यापुढची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण महिनाभरात तुम्ही तिथेच अडकाल. मराठीत आवाजापेक्षा मजकुराचीच अडचण जास्त आहे. एमपीएससीच्या ज्या नोट्स फिरतात त्यांतल्या कित्येक डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेल्या असतात. डोळ्यांना ती सुरेख मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणून बहिणीला निरर्थक इंग्रजी अक्षरं ऐकू येतील आणि तुम्ही दोष ऑर्काला द्याल. तपासायची पद्धत सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाका. मराठी उमटली तर फाइल युनिकोड आहे, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं आहेत, काम झालं. विचित्र रोमन अक्षरं उमटली तर जुना फॉन्ट. काही निवडताच आलं नाही तर तो नुसता फोटो आहे. बालभारतीची शालेय पुस्तकं तुम्ही वापराल, तीही प्रत्येक पुस्तक याच पद्धतीने तपासून घ्या.

जुन्या फॉन्टसाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, आणि जोडाक्षरं, रफार, वेलांटी यांची जागा हलते. मी बहुतेक वेळा तो मार्ग सोडून पानाची प्रतिमा करतो आणि ती टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून वाचून घेतो. फोटोच्या पीडीएफलाही हाच उपाय. प्रतिमा ३०० डीपीआयची करा, त्याहून कमी केली तर अनुस्वार आणि रफार हरवतात. टेसरॅक्टचं मराठीचं वेगळं पॅकेज टाकावं लागतं, आणि तिथे मराठीचा कोड तीन अक्षरी आहे, एम ए आर. ईस्पीकला दोन अक्षरी. एमएमएसलाही तीन अक्षरी. ही अदलाबदल झाली की कमांड चालत नाही आणि कारण कळत नाही, म्हणून कागदावर लिहून भिंतीला लावा. वर्तमानपत्रासारखी दोन रकान्यांची पानं असतील तर रकाने आधी वेगळे कापा, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात. आणि वाचून आलेला मजकूर डोळस माणसाने एकदा नजरेखालून घालायचा. हे काम तुमचं आहे.

त्याच वेळी संक्षेप उलगडून टाका. ता. मिरज, जि. सांगली असं लिहिलेलं आपण तालुका आणि जिल्हा असं वाचतो, इंजिन ता आणि जि म्हणून पुढे जातं, वर टिंब दिसलं की वाक्य संपल्यासारखं थांबतं. इ. स., क्र., रु., मा. हे सगळं लिब्रेऑफिसच्या शोधा-बदला सोयीने एकदम बदलता येतं. यादी एकदा केली की पुढच्या प्रत्येक पुस्तकाला चालते. संख्यांमध्ये स्वल्पविराम असतील तर तेही एकदा ऐकून तपासा.

पुस्तकाची अशी प्रत करणं कायद्यात बसतं का, अशी शंका काही पालक विचारतात. बसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या किंवा अभ्यासाच्या वापरासाठी सुलभ स्वरूपातली प्रत करण्याची मुभा आली. ती प्रत विकायची नाही. शिवाय सगळंच स्वतः करू नका. २०१६ साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे. बहिणीच्या अपंगत्व प्रमाणपत्रावर तिथे नाव नोंदवा. तिला हवं असलेलं पुस्तक तिथे आधीच तयार असेल तर तुमच्या रात्री वाचतील.

तुमच्या लॅपटॉपबद्दल इतकंच: हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर आधी एसएसडी टाकून घ्या. ऑर्का चालू असताना फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस एकदम उघडले की ४ जीबीवर ओढाताण होते, आणि यंत्र अडखळलं की आवाजही अडखळतो. डोळस माणसाला फिरणारं चक्र दिसतं, बहिणीला फक्त शांतता मिळेल आणि तिला वाटेल आपलंच काही चुकलं. मिंटचा डेस्कटॉप सिनॅमन या प्रकारचा असेल आणि जड वाटत असेल तर माटे हा दुसरा प्रकार घेऊन बघा, ऑर्का तिथेही चालतो. ठेवायचा कोणता ते मात्र बहिणीला दोन्ही वापरायला देऊन ठरवा.

हे करून पाहा आणि ऑर्का तरीही गप्प राहिला तर मला तीन गोष्टी कळवा: मिंटची आवृत्ती, एसपीडी-से ला कॅपिटल ओ देऊन आलेली यादी जशीच्या तशी, आणि लहान ओ देऊन म्हणायला लावलेलं मराठी वाक्य ऐकू आलं की नाही. बहिणीने कुठला आवाज निवडला तेही सांगा, म्हणजे पुस्तकांसाठी त्याच्या जवळचं काय लावता येईल ते पाहतो.